पाहुण्याची धाव

वाचकहो, देशांतरास निघण्याची कारणे पूर्वी मोजकीच असत. विद्या, व्यापार, नोकरी, फार तर तीर्थयात्रा. अलीकडे त्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे. कोणी गृहस्थ वा गृहिणी वर्षभर पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, पैसा साठवतात, व्हिसा मिळवतात, आणि सातासमुद्रापलीकडील एखाद्या नगरीच्या रस्त्यांवरून ४२.१९५ किलोमीटर धावून घरी परततात. पहिले येण्याची आशा त्यांना नसते. मग हा एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला तर नवल नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण न्यूयॉर्क नगरीचे उदाहरण घेऊ.

तेथील मॅरेथॉनचा आरंभ १९७० साली झाला. प्रवेशशुल्क होते एक डॉलर. सेंट्रल पार्क या उद्यानातच फेऱ्या घालावयाच्या होत्या. १२७ जण धावावयास उभे राहिले आणि त्यांतील ५५ जणांनी शर्यत पुरी केली. १९७६ साली हा मार्ग उद्यानाबाहेर काढून नगरीच्या पाचही विभागांतून नेण्यात आला. आज नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ५० हजारांहून अधिक माणसे तेथे धावतात. इच्छुक त्याहूनही कितीतरी अधिक असल्यामुळे अनेकांना सोडतीच्या दैवावर विसंबावे लागते. कित्येकजण एखाद्या धर्मादाय संस्थेसाठी निधी जमवून प्रवेश मिळवतात.

धाव सुरू होते ती स्टेटन आयलंड या बेटावरून. प्रारंभीच व्हेराझानो पुलाची चढण लागते. तेथून ब्रुकलिन, मग क्वीन्स. क्वीन्सबरो पुलावर प्रेक्षक नसतात. तेथे केवळ पावलांचा आणि श्वासांचा आवाज ऐकू येतो. पूल उतरून मॅनहॅटनमध्ये पाऊल टाकताच दुतर्फा उभ्या असलेल्या लोकांचा घोष कानी पडतो. पुढे ब्राँक्सला वळसा घालून धावपटू सेंट्रल पार्कमध्ये पोहोचतात. नाव ना गाव ठाऊक, तरीही कोणी टाळ्या वाजवतो, कोणी पाण्याचा पेला पुढे करतो. परक्या नगरीतील धावेचे खरे आकर्षण या आतिथ्यात आहे.

जावयाचेच झाले तर काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपली आणि तेथील घड्याळे साडेनऊ तासांनी भिन्न असतात. शर्यतीच्या दिवशी पहाटे तेथील घड्याळ एक तास मागे घेतले जाते आणि हे अंतर साडेदहा तासांचे होते. शरीराला नव्या दिनक्रमाची सवय होण्यास अवधी लागतो, म्हणून काही दिवस आधीच पोहोचावे. सरावातले, पायांत मुरलेले जोडे विमानात हातच्या पिशवीत न्यावेत. सामान हरवले तरी जोडे हरवता कामा नयेत. छातीवरचा क्रमांक शर्यतीपूर्वीच, ओळखपत्र दाखवून, स्वतः जाऊन घ्यावा लागतो. प्रारंभस्थानी थंडीत कित्येक तास बसावे लागते, तेव्हा अंगावर एखादा जुना स्वेटर असावा. निघताना तो तेथेच ठेवला तरी चालतो, कारण असे कपडे गोळा करून गरजूंना दिले जातात.

पाण्याविषयी मात्र एक सावधगिरी हवी. तहान लागेल तेवढेच प्यावे. प्रमाणाबाहेर पाणी प्याल्यास रक्तातील सोडियम घटते, आणि तो प्रकार प्राणावरही बेतू शकतो. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता त्यांतील १३ टक्के लोकांत सोडियमचे हे प्रमाण घटलेले आढळले.

परंतु सारी सिद्धता असूनही धावताच आले नाही तर? २०१२ साली नेमके हेच घडले. २९ ऑक्टोबरला सँडी नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. नगरीत ४० हून अधिक माणसे मृत्यू पावली, आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास त्याच स्टेटन आयलंडवरची होती. घरे पाण्याखाली, वीज बंद, आणि शर्यतीच्या मंडपांपाशी मात्र वीजजनित्रे उभी! लोकांचा संताप उसळला. बेटावरील एका हॉटेलमालकाने आसऱ्याला आलेल्या आपद्ग्रस्तांना बाहेर काढून धावपटूंना खोल्या देण्याचे साफ नाकारले. अखेर शर्यतीला दोन दिवस उरले असता, शुक्रवारी, महापौर ब्लूमबर्ग यांनी ती रद्द केली. तोवर देशोदेशींचे हजारो धावपटू नगरीत येऊन दाखल झाले होते.

त्यांची निराशा आपण समजू शकतो. वर्षभराचे कष्ट आणि विमानभाडे दोन्ही पाण्यात गेले होते. काहींना निर्णय उशिरा झाल्याचा राग आला, आणि तो अनाठायी नव्हता. तथापि रविवारी सकाळी सुमारे हजार धावपटू फेरीबोटीने स्टेटन आयलंडला गेले. पाठीवरच्या पिशव्यांतून त्यांनी आपद्ग्रस्तांसाठी उपयोगी वस्तू नेल्या होत्या. ज्या बेटावरून त्यांना पळत निघावयाचे होते, तेथे ते दारोदार फिरले, भिजलेले सामान उपसण्यास हात लावला. त्या दिवशी त्यांची वेळ कोणी नोंदवली नाही.

वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. परक्या नगरीत धावणारा हा तेथील लोकांचा पाहुणा असतो. एरवी ते आपले रस्ते त्याच्यासाठी मोकळे करतात. त्यांच्या घरी संकट आले असता त्याने आपला हट्ट बाजूस ठेवावा, हा पाहुण्याचा धर्म आहे. मुंबईतही २००४ पासून दर जानेवारीत बहुधा अशीच धाव होत आली आहे आणि तीत परदेशीय पाहुणेही असतात. आपल्यापैकी कोणी उद्या परदेशी धावावयास निघाला तर त्याने पासपोर्ट आणि जोड्यांबरोबर ही जाणीवही सोबत न्यावी. आणि ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी आपल्या गावातून धावणाऱ्या परक्याला पाण्याचा एक पेला अवश्य द्यावा.