घरच्या शाळेचं नवं वर्ष

पालकहो, जून आला की काही मुस्लिम घरांत होमस्कूलिंगच्या नव्या वह्या उघडतात. मी शाळेत शिकवत असले, तरी त्याला नावे ठेवत नाही. पहाटेच्या नमाजनंतरचा शांत वेळ गणिताला द्या. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. हे मुलालाच कॅलेंडरवर मोजू द्या. वजाबाकी होते, चंद्रकलाही कळतात.

पण एक गोष्ट घर एकट्याने देऊ शकत नाही, ती म्हणजे वेगळ्या घरातला मित्र. म्हणून संध्याकाळी मैदानावर पाठवाच. आणि मुलाला कधी शाळेत यावंसं वाटलं, तर अडवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. शाळेचं दार उघडंच आहे.