चिमूटभर मातीचे दप्तर

शाळवाचे एक ताट वाफशावरच्या रानातून हलक्या हाताने उपटून त्याची मुळे एकदा झटकली, तर सुटी माती गळून पडते आणि केसांइतक्या बारीक तंतुमुळांना बिलगलेली चिमूटभर माती तेवढी मागे उरते. पानांनी सिद्ध केलेल्या अन्नाचा एक हिस्सा मुळांवाटे जिथे पाझरतो आणि त्यावर पोसलेले असंख्य जिवाणू जिथे पिकाची चाकरी करतात, तो मुलूख हाच. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली त्यास ‘ऱ्हायझोस्फिअर’ असे नाव दिले.

या जिवाणूंविषयी बोलताना आपण जातीचे नाव घेऊन थांबतो. परंतु एकाच जातीत जनुकभेदाने किती निरनिराळ्या कुळी नांदतात आणि त्या भेदावर पिकाचे बरेवाईट कसे अवलंबून असते, याचा बोधप्रद दाखला अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या गहूपट्ट्यात मिळतो. तेथे गव्हावर गहू घेत गेल्यास ‘टेक-ऑल’ रोगाची बुरशी मुळे काळी पाडून कुजवते. रोग आरंभीची काही वर्षे वाढतो, आणि तरीही गहू सोडला नाही, तर पुढे आपोआप ओसरू लागतो. जेम्स कुक, डेव्हिड वेलर, लिंडा थॉमाशॉ प्रभृतींच्या दीर्घ संशोधनातून असे निष्पन्न झाले की, त्या बुरशीला मारक प्रतिजैविक निर्माण करणारे स्युडोमोनास जिवाणू अशा रानात मुळांवर वाढत जातात, आणि ग्रॅमभर मुळावर त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली की रोगास पायबंद बसतो. हत्यार या साऱ्या कुळींचे एकच. तथापि ‘डी’ नावाची कुळी अल्प संख्येने येऊनही गव्हाच्या मुळावर जसे ठाण मांडते, तसे इतर बहुतेक कुळींना साधत नाही. नेदरलंड्समधील तशाच रानांत मात्र निराळ्याच कुळीचा अंमल आढळला.

आपल्याकडे ॲझोटोबॅक्टर वा ॲझोस्पिरिलमचे २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून १० ते १५ किलो बियाण्यास चोळतात. ही बीजप्रक्रिया हितावह आहे आणि तिचा प्रसार व्हावा. परंतु कोकणातील भाताची आम्लधर्मी जांभी माती आणि सोलापूरकडील शाळवाची चुनखडीयुक्त काळी माती या दोहोंत एकच कुळी सारखीच रुजेल, असे गृहीत धरणे शास्त्रास धरून होणार नाही.

सातबाऱ्यावर खातेदार, क्षेत्र, पीक आणि बोजा यांची नोंद आपण काटेकोरपणे ठेवतो. तितक्याच आस्थेने तालुक्या-तालुक्यातील पिकांच्या मुळांवरील कुळी जमवाव्यात, त्या तेथल्याच वाणांवर पारखून घ्याव्यात आणि कृषी विद्यापीठांच्या शीतपेट्यांत जतन कराव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुने बियाणे हरवले, तर एखाद्या म्हातारीच्या कणगीत ते कदाचित सापडेल. मुळावरची कुळी नष्ट झाली, तर तिच्या जाण्याची वर्दी देणारेही कोणी असणार नाही.