गाणारा ढग

आमच्या शाखेत डबा खाण्याच्या सुट्टीत जगातल्या यच्चयावत प्रश्नांचा निकाल लागतो. परवा कलेची पाळी होती. मी सहज बोलून गेलो, की मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी 2008-09 साली हजारो मायक्रोफोन एकत्र बांधून त्यांचा एक काळाकुट्ट ढग टांगला आणि त्याचं नाव ठेवलं ‘सिंगिंग क्लाउड’, म्हणजे गाणारा ढग. हेडकॅशियरांनी ठेचा लावलेला भाकरीचा तुकडा तोंडाजवळच थांबवला.

“आपल्या इकडचा ढग धड पानी देत नाही, अन् तिकडचा गाते? काहून गरिबाची थट्टा करता भाऊ!”

सगळे हसले. मीही हसलो. (हेडकॅशियर विनोद करतात तेव्हा जो हसत नाही, त्याच्या वाट्याला फाटक्या नोटांचं बंडल येतं.) राग आला तो संध्याकाळी घरी येताना. माझा राग नेहमी असा चार तास उशिरा येतो. म्हणूनच त्याचे लेख होतात, भांडणं होत नाहीत.

तर हेडकॅशियरसाहेब, मी काही तो ढग पाहिलेला नाही. आमचा प्रवासभत्ता जास्तीत जास्त शेगावपर्यंत पोचतो. अशा प्रदर्शनांत भिंतीवर जे माहितीचे कागद लावतात, ते कर्जाच्या करारनाम्यापेक्षाही अवघड असतात, हेही मला मान्य आहे. फ्रान्सच्या सेलेस्त बूर्सिए-मूझनो यांनी तर चिमणीएवढे झेब्रा फिंच पक्षी विजेच्या गिटारींवर मोकळे सोडले. पक्षी तारेवर बसला की सूर निघतो, उडाला की दुसरा. आता ह्याला रियाज म्हणायचा की दाणापाणी, हे त्या पक्ष्यांनाच विचारलं पाहिजे. पण “हे तर कोणीही करील” हा जो तुमचा मुद्दा आहे ना, तो मात्र मला कबूल नाही. कोणीही करील तर मग करा की! गच्चीवर चार चिमण्या येऊन बसतील इतकी शांतता अकोल्यात आधी करून दाखवा.

कारण ह्या ढगातली खरी मेख वेगळीच आहे. मायक्रोफोनचा धंदा ऐकण्याचा. बाईंनी तो उलटा केला. ऐकणाराच बोलायला लागला. पुढे त्यांनी अशीच आणखी एक मांडणी केली. ती 2018 साली कोचीला आणि 2019 साली व्हेनिसला लागली होती. लिहिण्याबोलण्यापायी तुरुंगात गेलेले शंभर कवी, त्यांच्यासाठी शंभर मायक्रोफोन, आणि प्रत्येकाखाली लोखंडी सळईत खुपसलेला एकेक कागद, त्यावर कवितेच्या ओळी. कागद सळईत खुपसायचं काम आम्हीही रोज करतो. आमच्याकडे व्हाउचर खिळ्याला गेलं की त्याचं तोंड कायमचं बंद. तिथे खुपसलेला कागद बोलतो! हे ऐकलं तेव्हापासून व्हाउचर खुपसताना माझा हात जरा चाचरतो.

आणि गंमत बघा. गाणाऱ्या ढगाला हसणारे आम्ही लोक वरातीत ट्रकभर भिंत उभी करून खिडक्यांची तावदानं हलवतो. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वाचून दाखवा कुणाला! मीच धाकट्या भावाच्या लग्नात डीजेला आगाऊ रक्कम दिली होती, आणि छातीचं दुखणं असलेल्या शेजारच्या काकूंना रात्रभर बहिणीकडे जायला सांगितलं होतं. काकू गेल्या. जाताना आहेरही देऊन गेल्या.

आमच्या आजोबांच्या दर्यापूरकडच्या वावरात पाखरं हाकलायला काठीला रिकामे डबे बांधलेले असत. वारा आला की खणखणाट. वीज नाही, तिकीट नाही. त्या डब्यांना कोणी कला म्हटलं नाही, आणि आजोबांना कलावंत म्हटलं असतं तर त्यांनी गोफण उचलली असती. पण वारा कुठून येतोय हे ते डोळे मिटून सांगत. पावशा “पेर्ते व्हा” म्हणून ओरडायला लागला की तिफण बाहेर निघे. माझ्या मुलाने पावशा ऐकलाय तो मोबाइलवर. “बाबा, याची रिंगटोन मिळते का?” म्हणाला.

गेल्या जूनमधली गोष्ट. पीककर्जाची रांग दारापर्यंत. बाहेर जनरेटर, आत नोटा मोजायचं मशीन, वर करकरणारा पंखा. एक म्हातारे बाबाजी काउंटरशी वाकून काहीतरी सांगत होते. मी तीनदा “जोरात बोला” म्हणालो आणि चौथ्यांदा माझंच ठरलेलं वाक्य ओरडलो, “सातबारा आणा, आठ-अ आणा, मग या!” त्यांनी पिशवी उघडून दोन्ही कागद पुढे ठेवले. तेच ते सांगत होते, की कागद आणलेत. बाहेरच्या लिंबावर त्या वेळी पावशा ओरडतही असेल. असला, तर त्यालाही मी सातबारा आणायला सांगितला असणार.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी हेडकॅशियरांना सांगितलं, आणि पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, मशीन बंद ठेवू या, रांगेतल्या माणसांचं नीट ऐकू तरी येईल, अशी विनंती केली.

“ठेवतो नं बापा,” ते म्हणाले, “पन तेवढ्या वेळच्या नोटा कोन मोजंल? तुमचा ढग?”