रिकामे कोनाडे आणि जळालेली मशीद

इतिहासाच्या वर्गात आम्ही दरवर्षी बामियानच्या रिकाम्या कोनाड्यांचे छायाचित्र लावतो. ५५ व ३८ मीटर उंचीच्या त्या दोन बुद्धमूर्ती तालिबानने मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. विद्यार्थी हळहळतात. परंतु त्या खोऱ्यातील हजारा लोक शिया मुस्लिम असूनही त्यांनी या मूर्तींना ‘सलसाल’ आणि ‘शाहमामा’ अशी नावे देऊन आपले मानले, आणि मूर्ती फोडणाऱ्यांनी त्यांचाही अनन्वित छळ केला, हे ऐकून मुले चकित होतात.

युद्धकाळात सांस्कृतिक वारसा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९५४ साली हेग येथे झाला. करार हवाच, पण पेटलेला जमाव कलमे वाचायला थांबत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये बांगलादेशातील रामू येथे, एका बौद्ध तरुणाच्या नावाशी जोडलेल्या समाजमाध्यमावरील चित्राचे निमित्त झाले आणि रात्रीतून विहार जळाले.

येथपर्यंत सांगणे सोपे आहे. मार्च २०१३ मध्ये म्यानमारमधील मेईक्तिला येथे मशिदी जाळणारा जमाव बौद्धांचा होता. ज्या देशात डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, त्याच देशात काही चीवरधारी द्वेषाची प्रवचने देत होते. त्याच शहरातील एका विहाराने शेकडो मुस्लिमांना आश्रय दिला, हेही खरे. मात्र पहिले झाकण्यासाठी दुसरे पुढे करणे आम्हांस मान्य नाही.

म्हणून बामियानशेजारी मेईक्तिलाचे छायाचित्र लावावे, असे आम्ही सुचविले. एका सहकाऱ्याने विचारले, “सर, आपल्याच लोकांची बदनामी कशाला?” प्रश्न प्रामाणिक होता. १९४९ च्या कायद्यामुळे बुद्धगयेच्या महाविहाराचा कारभार आजही पूर्णतः बौद्धांच्या हाती नाही. आधी आपले राखू या, मग इतरांचे पाहू, असे त्यांचे म्हणणे. बुद्धगयेची मागणी आमचीही आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही. परंतु ती न्यायाच्या आधारे करायची, तर मेईक्तिलाच्या मशिदीला वेगळा न्याय कसा लावायचा? परपंथाची निंदा करणारा स्वपंथाचीच हानी करतो, असे सम्राट अशोकाने बाराव्या शिलालेखात बजावले, ते काही अल्पसंख्याकांना उद्देशून नव्हे. तेव्हा सत्ता त्याच्या हाती होती.

छायाचित्र यंदा लागले आहे. बदनामीचा प्रश्न पुढील शिक्षकसभेत पुन्हा निघेल, असे दिसते. आम्ही ते काढणार नाही.