तात्पर्याची ओळ खोडा

'इसापनीती' हे नावच मला खटकते. ग्रीक लोक त्यांना नुसते इसापच्या गोष्टी म्हणत. नीती आपण चिकटवली, आणि नीती आली की पाठोपाठ 'तात्पर्य' आलेच. परिपाठात बोधकथा वाचणाऱ्या कुठल्याही मुलाकडे नीट बघा. गोष्ट तो एका दमात उरकतो आणि 'तात्पर्य' म्हणताना आवाज चढवतो. त्याला पक्के माहीत असते की विचारतील ते तेवढेच. साक्री तालुक्यात मराठी शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. त्या आधारावर सांगतो, ही शेवटची ओळ मुलांच्या डोक्यातली गोष्ट पुसून टाकते. आणि त्याहून वाईट म्हणजे ती ओळ बहुतेक वेळा मालकाच्या बाजूने बोलते.

इथे मालक कुठून आला? तर इसाप गुलाम होता. हिरोडोटस सांगतो की सामोस बेटावरच्या इयाडमॉन नावाच्या माणसाचा तो गुलाम. पुढे डेल्फीच्या लोकांनी त्याला ठार मारले. नंतर त्या खुनाची भरपाई द्यायचे ठरले, वारंवार पुकारा झाला, आणि ती घ्यायला आला कोण? इयाडमॉनचा नातू! जीव गेला गुलामाचा, भरपाई मालकाच्या घरात. आपल्याकडे धरणाखाली जमिनी गेलेल्यांना हे वाचून फारसे नवल वाटणार नाही.

फीड्रस नावाचा रोमन कवी, तोही मूळचा गुलाम, मग मुक्त झालेला. त्याने पहिल्या शतकात या गोष्टी लॅटिन पद्यात आणल्या. तो उघडच लिहितो की गुलामाला मनातले स्पष्ट बोलायची चोरी होती, म्हणून हा प्रकार निघाला. बोलायचे असते माणसांबद्दल, नाव घ्यायचे कोल्ह्या-लांडग्यांचे. त्याचीच एक गोष्ट बघा. म्हातारा कुरणात गाढव चारतो आहे. शत्रू चाल करून आल्याची ओरड होते. म्हातारा म्हणतो, चल पळ, नाहीतर पकडले जाऊ. गाढव जागचे हलत नाही. विचारते, शत्रू माझ्या पाठीवर दोन ओझी टाकेल का? म्हातारा म्हणतो, नाही. मग मी ओझे कुणाचे वाहतो याने मला काय फरक पडतो?

एवढीच गोष्ट. ही कुठल्या शाळेच्या परिपाठात ऐकली आहे का तुम्ही? मी तरी नाही.

दुसरी अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात दिली आहे. सामोसच्या सभेत एका पुढाऱ्यावर जिवावरचा खटला चालू होता, तेव्हा इसापने ती सांगितली म्हणे. कोल्हा घळीत अडकला, अंगभर गोचिड्या. साळिंदरासारख्या एका काटेरी जनावराला दया आली. म्हणाले, काढू का? कोल्हा म्हणाला, नको बाबा. या प्यायल्या आहेत तेवढ्या प्यायल्या, आता पोट भरले आहे यांचे. या काढल्यास तर दुसऱ्या उपाशी येतील आणि उरलेले रक्त पितील. इसाप पुढे म्हणाला, सामोसकरांनो, या माणसाचे घर भरले आहे. याला माराल तर रिकाम्या खिशाचे दुसरे येतील. निवडणुकीच्या दिवसांत पारावर बसलेल्या कुणालाही ही सांगा. तात्पर्य विचारायची गरज पडणार नाही.

मग तात्पर्ये आली कुठून? ख्रिस्तपूर्व 300 च्या सुमारास फालेरॉनच्या डिमिट्रियसने या गोष्टींचा पहिला संग्रह केला असे सांगतात. तो पोरांसाठी नव्हता, सभेत बोलणाऱ्यांसाठी होता. 'ही गोष्ट अमक्या प्रकारच्या माणसाला लागू' अशा चिठ्ठ्या अशा संग्रहांत सोयीसाठी लागल्या, आणि त्यांचीच पुढे तात्पर्ये झाली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे दुकानदार डब्यावर कागद चिकटवतो तसे. पुढे युरोपातल्या शाळामास्तरांच्या हाती हा डबा पडला आणि आतल्या जिनसापेक्षा कागदच मोठा झाला. 1722 च्या सॅम्युअल क्रॉक्सॉलच्या इंग्रजी इसापात तर गोष्ट छोटी आणि तिच्याखालचा उपदेश लांबच लांब.

आपल्याकडे इसाप आला तो इंग्रजीतून. 1806 साली तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' छापली गेली. सख्खण पंडितांनी केलेले ते इसापचे मराठी भाषांतर. देवनागरीत छापलेल्या अगदी सुरुवातीच्या मराठी पुस्तकांपैकी हे एक, याचा मला अभिमान आहे. नंतर 1828 साली मुंबईत सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची 'इसापनीति' आली. या मंडळींचे उपकार मी विसरत नाही. त्यांच्यामुळे मराठी मुलांच्या हातात वाचायला काही तरी आले. पण आपल्याला मिळाला तो मास्तरांच्या हातून गेलेला इसाप. आणि 'नीती' शब्दाचीही गंमत बघा. पंचतंत्र हेही नीतिशास्त्रच म्हणवते, पण ती राजनीती. विष्णुशर्म्याचे विद्यार्थी राजपुत्र होते, राज्य कसे राखावे हे त्यांना शिकायचे होते. राजपुत्रांची गोष्ट आणि गुलामाची गोष्ट आपण एकाच कप्प्यात कोंबली, आणि वर लिहिले 'सदाचार'. असो.

आता मुंगी आणि नाकतोडा. या गोष्टीवर माझा विशेष राग आहे.

आमच्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली, पिंपळनेरपलीकडची कितीतरी आदिवासी कुटुंबे दिवाळी झाली की ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत राबायचे, आखाजीच्या सुमारास परत यायचे. त्यांची पोरे वर्गात बसलेली असताना फळ्यावर लिहायचे, 'तात्पर्य : जो कष्ट करतो त्याला उपाशी राहावे लागत नाही'? ती पोरे घरी काय बघतात? एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने अहिराणीत विचारले, "सर, मुंगी दाना कोना वावरमाईन लई उनी?" दाणा आणला कुणाच्या शेतातून? वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न अस्सल वाटला.

आणि गंमत अशी की तो इसापच्या परंपरेतलाच आहे. त्याच्याच नावावर दुसरी एक गोष्ट आहे. मुंगी पूर्वी माणूस होती, शेतकरी. आपल्या पिकावर भागेना म्हणून शेजाऱ्यांचे धान्य उचलायची. झ्यूसने चिडून तिची मुंगी केली. रूप बदलले, खोड तीच. अजून दुसऱ्यांच्या शेतातले दाणे गोळा करून साठवते. बरे, मूळ ग्रीक गोष्टीत पुष्कळदा नाकतोडा नाहीच, झाडावर बसून उन्हाळाभर किर्र करणारा किडा आहे. प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात (हा फीड्रस वेगळा) सॉक्रेटिस सांगतो की हे किडे मूळची माणसे. गाण्यात अशी रंगली की खाणेपिणे विसरून मेली. आता ती कलादेवतांना जाऊन खबर देतात, पृथ्वीवर कोण आपला मान राखतो याची. म्हणजे ग्रीकांच्या घरात चोर मुंगी आणि भक्त गवई, दोघेही होते. आपण मुलांना दिली फक्त शहाणी मुंगी आणि आळशी नाकतोडा.

यावर शिक्षक मंडळी म्हणतात, तात्पर्य काढले तर मुले लबाडी शिकतील, कोल्ह्याचे कौतुक करतील. रूसो तर त्याहून पुढे गेला होता. कावळ्याच्या तोंडचा खाऊ पळवणारा कोल्हाच मुलांना आवडतो, म्हणून त्याने लहान मुलांना या गोष्टी देऊच नयेत असे लिहिले. त्याचे निरीक्षण खरे आहे. मूल जिंकणाऱ्याच्या बाजूला जाते. पण म्हणून काय मुलाला त्या लांडग्याची आणि कोकराची गोष्टच सांगायची नाही? 'माझे पाणी गढूळ केलेस' म्हणणारा लांडगा वरच्या अंगाला उभा आहे, हे ज्याला नकाशा काढून दाखवता येते त्याला वेगळ्या नीतीची शिकवणी लागत नाही. मी मुलांना ओढा काढायला सांगत असे. आमच्या पांझरेसारखा वळणावळणाचा. लांडगा कुठे, कोकरू कुठे, बाण काढून पाणी कुठून कुठे वाहते ते दाखवा. चित्र झाले की वर्गात अर्धा तास भांडण चाले. एक म्हणे लांडग्याला कारण हवेच कशाला होते, खाऊन टाकायचे. दुसरा म्हणे, नाही, त्याला लोकांना सांगायला कारण लागते. एक मुलगी म्हणाली, कोकरू एकटे होते म्हणून.

ते मी फळ्यावर लिहिले नाही. तास संपला होता.