‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

रुग्णालयाच्या दाखल-अर्जात ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. पती, पत्नी, आई, भाऊ, मुलगा यांना तो भरताना विचार करावा लागत नाही. समलिंगी जोडीदार मात्र तिथे ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ लिहून वेळ निभावतो. भारतात समलिंगी संबंध आता गुन्हा नाहीत आणि आजारही नाहीत. पण कायद्याच्या लेखी ते अजून नातेही नाही.

आजाराचा शिक्का आधी पुसला गेला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला मनोविकारांच्या यादीतून वगळले. गुन्ह्याचा शिक्का पुसायला आणखी बराच काळ लागला. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार २०१४ च्या निकालात मान्य झाला होता.

विवाहाच्या प्रश्नावर मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. जोडीदारांच्या व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी पुढे केंद्रात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

याचा परिणाम सर्वांत आधी रुग्णालयात दिसतो. रुग्ण शुद्धीवर असेल, तर अडचण कमी. सज्ञान, सक्षम रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी, नातेवाइकाची चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. जीव वाचवण्याची तातडी असेल, तर डॉक्टरांनी सहीसाठी थांबू नये. खरी अडचण येते ती रुग्ण बेशुद्ध असतो, पण निर्णयाला काही तास किंवा दिवस असतात तेव्हा. अशा वेळी वीस वर्षे एका घरात राहिलेला जोडीदार बाहेर बाकावर बसतो आणि संपर्क तुटलेल्या भावाला फोन लावला जातो. अवयवदानातही तेच. कायद्यातील ‘जवळच्या नातेवाइकां’त पती-पत्नी आहेत, असा जोडीदार नाही, मूत्रपिंड द्यायचे तर त्याला प्राधिकार समितीची वाट धरावी लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेऊ द्यावा, असे सुचवले. पाऊल योग्य आहे. पण त्यातही जोडीदाराचा क्रम शेवटचा आहे, आणि तोही मृत्यूनंतरचा.

उपाय नवा शोधावा लागणार नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो रक्ताच्या नात्यातला असण्याची अट नाही. मनोरुग्णालयात जे चालते, ते अपघात विभागात का चालू नये? मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, कुटुंब केवळ विवाहानेच बनते असे नाही, असे म्हटले आहे. तशी तरतूद झाली, तर तिचा उपयोग एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, परित्यक्तांना आणि मुले परदेशी असलेल्या आईवडिलांनाही होईल.

तोवर जोडीदारांनी मृत्युपत्र, विमा व बँकेतील नामनिर्देशन आणि उपचारांबाबतचे पूर्वनिर्देश लेखी करून ठेवावेत. रुग्णालयांनी आपल्या अर्जात ‘रुग्णाने नेमलेली व्यक्ती’ ही एक ओळ वाढवावी. रुग्ण बोलू शकत असतानाच ती भरून घेण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.