गवताला आली फुलं, डॉक्टरांना आल्या शिंका!

दोस्तांनो, गवताला फुलं येतात का? येतात की! पण ती रंगीत नसतात, त्यांना मधही नसतो. फुलपाखरांना बोलवायचंच नसतं ना! त्यांचे पराग नेतो वारा. आणि वाऱ्याचा काय भरवसा? म्हणून गवत पराग उधळतं ते अगदी मुबलक! एकेक कण केसाच्या जाडीहूनही लहान. नाकात शिरला तरी कळत नाही. कळतं ते नंतर... आक्‌छी!

इंग्लंडच्या कुरणांत टिमथी नावाचं गवत उगवतं. तुरा बाजरीच्या कणसासारखा, पण चिमुकला. उन्हाळ्यात ही कुरणं फुलली, की अनेकांचं नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे. १८१९ साली डॉ. जॉन बोस्टॉक यांनी आपल्याच या दुखण्याचं वर्णन लिहिलं. पुढे त्याला नाव पडलं ‘हे फीव्हर’, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. गंमत म्हणजे, यात ताप नसतोच! बोस्टॉकना वाटे, दोष उन्हाचा.

खरा चोर पकडला मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच त्रास होता. पण ते नुसते रुमाल घेऊन बसले नाहीत. त्यांनी हातावर ओरखडा काढून त्यावर पराग चोळले. तिथे चांगलीच सूज आली! मग चिकट लेप लावलेल्या काचा पतंगाला बांधून त्यांनी आभाळात सोडल्या. काचांवर काय सापडलं? पराग! इतक्या उंचावरही! १८७३ साली त्यांनी हे सारं पुस्तकात मांडलं.

पण एवढासा कण करतो तरी काय? तसा तो निरुपद्रवी. पण काहींच्या शरीरातले पहारेकरी त्याला शत्रू समजतात आणि लढाई सुरू करतात. हीच ॲलर्जी. १९११ साली लंडनमध्ये लेनर्ड नून यांनी टिमथीच्याच परागांचा अर्क थोडा थोडा टोचून, मात्रा हळूहळू वाढवत, पहारेकऱ्यांना शांत राहायला शिकवलं. आजही ही पद्धत वापरतात.

आणि आपल्याकडे? आपली हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, तिच्या परागांचीही काहींना ॲलर्जी असते बरं का!

तेव्हा वर्गात कुणी सारखं शिंकू लागलं, तर ‘नाटकं करतो’ असं म्हणून हसू नका. त्याला रुमाल द्या. छातीत घरघर झाली, दम लागला, तर मात्र मोठ्यांना लगेच सांगा. तिथे डॉक्टरच हवेत!